ट्यूब प्रीअ‍ॅम्पपुढे ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प: जोडी जमते, पण मधली जोड आधी तपासा

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. घरी १०० वॉटचा सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाला, पॉवर अ‍ॅम्प आहे, मॅन्युअलमध्ये इनपुट इंपिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) १०के म्हणजे १०,००० ओहम लिहिलाय, डॅकमधून (डिजिटल संगीताचा सिग्नल बनवणारा डबा) २ व्होल्ट निघतात, स्पीकर ९० डीबीचे आहेत, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. पॉवर अ‍ॅम्पच्या आधी लावायचा, १२एयू७ नावाची ट्यूब असलेला एक ट्यूब प्रीअ‍ॅम्प सेकंडहँड मिळतोय. शंका तीन आहेत. पुढे ट्रान्झिस्टरच असेल तर ट्यूबचा उपयोग काय उरतो, अशा जोडीत बास पातळ होतो असं सगळे सांगतात ते खरं का, आणि ट्यूबमध्ये अडीचशे व्होल्ट खेळत असतात तर स्पीकर उडायचा धोका किती.

जोडी जमते, आणि चांगली जमते. माझ्या स्वतःच्या बैठकीत कित्येक वर्षं हीच जोडी वाजतेय आणि मी लोकांना ट्यूबकडे वळायचं असेल तर आधी हाच रस्ता सांगतो. फक्त एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा की ही जोडी बिघडते ती जवळजवळ नेहमी दोन डब्यांच्या मधल्या जोडाशी बिघडते, आणि तिथे जे बिघडलेलं असतं त्यालाच लोक ट्यूबचा आवाज म्हणून मोकळे होतात. कोणी म्हणतं मऊ, कोणी म्हणतं पातळ, कोणी म्हणतं झोपलेला. ट्यूब बिचारी आपलं काम नीट करत असते.

पहिल्या शंकेचं आधी बघू. ट्रायोड ट्यूब (१२एयू७ याच जातीची) सिग्नलचा व्होल्टेज वाढवायला फार गुणी वस्तू आहे, फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन केलेली दुरुस्ती) न देता किंवा अगदी थोडा देऊन ती बऱ्यापैकी सरळ चालते आणि जे काही डिस्टॉर्शन करते ते बहुतांशी सेकंड हार्मोनिक असतं, म्हणजे मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला तोच सूर. कानाला ते खुपत नाही. पण ट्यूबला स्पीकर हलवायला सांगितलं की तिची ओढाताण होते, कारण स्पीकरला करंट लागतो आणि ट्यूब करंट द्यायला कंजूस, म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर टाकावा लागतो, जो चांगला हवा असेल तर जड आणि महाग. शिवाय बऱ्याच ट्यूब पॉवर अ‍ॅम्पचा आउटपुट इंपिडन्स एक-दोन ओहम किंवा त्याहून जास्त भरतो, त्यामुळे स्पीकरचा इंपिडन्स जसा वरखाली होईल तसा आवाजाचा तोलही बदलतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला हा त्रास नाही, स्पीकर ४ ओहमपर्यंत खाली आला तरी तो निवांत करंट देतो आणि वूफरवर पकड ठेवतो. म्हणून व्होल्टेजचं काम ट्यूबकडे आणि करंटचं ट्रान्झिस्टरकडे ही वाटणी मुळातच शहाणपणाची आहे. अमेरिकेत ऑडिओ रिसर्चवाल्या विल्यम जॉन्सननी १९७० साली कंपनी काढली ती सगळं जग ट्रान्झिस्टरकडे पळत असताना, आणि १९८० मध्ये क्रेल ही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची कंपनी आल्यावर ट्यूबचा प्री आणि त्याच्यापुढे अवजड क्लास ए (करंट सतत वाहता ठेवणारा) ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प ही जोडी तिकडच्या शौकिनांच्या घरी नेहमीची झाली. म्हणजे तुम्ही काही वेगळाच प्रयोग करायला निघालेला नाही.

ट्यूबचा गुण पुढे उरतो का, तर उरतो. प्रीअ‍ॅम्पने सिग्नलमध्ये जे घातलं ते पॉवर अ‍ॅम्प फक्त मोठं करतो, पुसून टाकत नाही. मात्र ट्यूब पॉवर अ‍ॅम्पचा जो खास स्वभाव असतो, ओव्हरलोड होताना हळूच दबणं वगैरे, तो इथे मिळणार नाही. तो हवा असेल तर ही जोडी घेऊ नका.

आता बासची शंका, कारण सगळा मामला इथेच आहे.

जुने ट्यूब प्रीअ‍ॅम्प बनले तेव्हा त्यांच्यापुढे ट्यूबचाच पॉवर अ‍ॅम्प असणार हे गृहीत होतं. डायनाको कंपनीचा ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प स्टिरिओ ७०, १९५९ चा, त्याचा इनपुट इंपिडन्स ४७०के. एवढ्या हलक्या लोडला प्रीअ‍ॅम्पने जवळजवळ काहीच करंट द्यायचा नसतो, त्यामुळे आउटपुटला छोटा कंडेन्सर टाकला तरी भागायचं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा इनपुट इंपिडन्स साधारण १०के ते ४७के असतो, काही क्लास डी (स्विचिंग पद्धतीच्या) मॉड्यूलना मध्ये बफर (सिग्नल न वाढवता फक्त करंट देणारा टप्पा) नसेल तर दोन-चार केच असतो. म्हणजे तोच प्रीअ‍ॅम्प दहापट ते शंभरपटीहूनही जास्त जड लोडला जोडला जातो.

ट्यूबच्या प्लेटवर, म्हणजे जिथून वाढवलेला सिग्नल घेतात त्या टोकावर, शंभर-दीडशे व्होल्ट डीसी असतात, ते पुढे जाऊ नयेत म्हणून आउटपुटला एक कपलिंग कंडेन्सर असतोच असतो. हा कंडेन्सर आणि पुढच्या अ‍ॅम्पचा इनपुट इंपिडन्स मिळून एक फिल्टर तयार होतो जो खालच्या फ्रिक्वेन्सी अडवतो. हिशोब अगदी सोपा आहे, १५९ ला के मधला इंपिडन्स आणि मायक्रोफॅरडमधला कंडेन्सर यांच्या गुणाकाराने भागायचं, जे उत्तर येईल तेवढ्या हर्ट्झला आवाज ३ डीबीने पडलेला असतो. तुमचा १०के आणि प्रीअ‍ॅम्पमध्ये १ मायक्रोफॅरड असेल तर १५.९ हर्ट्झ. वाचायला ठीक वाटतं, पण फिल्टरचा परिणाम त्या आकड्याला सुरू होत नाही, त्याच्या बराच वरपासून सुरू होतो, २० हर्ट्झला २ डीबी गेलेले असतात आणि फेज (सिग्नलची वेळ) तर दीडशे हर्ट्झपर्यंत थोडीथोडी सरकलेली असते. ०.४७ असेल तर ३४ हर्ट्झ. ०.२२ असेल तर ७२ हर्ट्झ, म्हणजे बास गेलाच. आणि हेच ०.२२ जुन्या ४७०के वाल्या ट्यूब अ‍ॅम्पला दीड हर्ट्झ होतं, कुणाला काही कळायचंही नाही. काटेकोर हिशोबात प्रीअ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्सही बेरजेत धरायचा असतो, पण अंदाजाला एवढं पुरतं. माझा नियम असा की हा आकडा २ ते ५ हर्ट्झच्या मध्ये आला पाहिजे.

एक पाहिलेलं सांगतो. पुण्यात माझ्या ओळखीचे एक तबलावादक आहेत, त्यांनी हौसेने ट्यूब प्रीअ‍ॅम्प आणला, पुढे १०के इनपुटचा अ‍ॅम्प. त्यांची तक्रार एकच होती, रेकॉर्डिंगमध्ये चाट छान येते, तंबोऱ्याची जवारी आधीपेक्षा सुंदर येते, पण डग्गा बोलत नाही. मी गेलो तेव्हा त्यांचा डग्गा तिथेच गादीवर होता, त्यांनी मनगट दाबून एक मींड काढून दाखवली, खोलीभर घुमार उठला, आणि मग तसाच बोल रेकॉर्डवरून लावला तर फक्त हाताचा आघात ऐकू आला, मागून येणारा घुमार नाही. डब्बा उघडला तर आउटपुटला पिवळे ०.२२ चे कंडेन्सर. त्यांच्या जागी ३.३ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचे पॉलीप्रॉपिलीन डागले, बसायला जागा नव्हती म्हणून चॅसीच्या बाजूला टाय लावून आडवे बांधले. हिशोबाने ७२ वरून ५ हर्ट्झच्या खाली आलो. त्यांनी परत तेच रेकॉर्ड लावलं आणि मींड खालपर्यंत गेली तशी मान डोलावली. त्यांच्या घरी ज्याला दोन महिने ट्यूबचा आवाज म्हणत होते तो ०.२२ चा आवाज होता.

आता आउटपुट इंपिडन्स. दहाचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, की पुढच्याचा इनपुट इंपिडन्स मागच्याच्या आउटपुट इंपिडन्सच्या निदान दहापट असावा. नियम बरोबर आहे पण लोक कागदावरचा आकडा घेतात आणि तो आकडा असतो १ किलोहर्ट्झचा. खाली काय होतं ते बघा, १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २० हर्ट्झला स्वतःच ८के एवढा अडथळा होतो, म्हणजे कागदावर ६०० ओहम लिहिलेला प्रीअ‍ॅम्प तळाच्या बासला ८के वाला होऊन बसतो. स्टिरिओफाइल मासिकात जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी केलेल्या प्रीअ‍ॅम्पच्या मोजमापांत २० हर्ट्झचा आउटपुट इंपिडन्स वेगळा दिलेला असतो तो याचसाठी. तुमच्या मॉडेलचं असं मोजमाप कुठे मिळालं तर तोच आकडा दहाने गुणा.

१२एयू७ वर सगळं अवलंबून नाही, ती कशी जोडलीय यावर आहे. सिग्नल सरळ प्लेटवरून घेतला असेल तर त्या ट्यूबचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स साडेसात के ते दहा के, प्लेटच्या रेझिस्टरबरोबर मिळून साधारण ७-८के आउटपुट इंपिडन्स धरा. याला १०के चा अ‍ॅम्प लावला तर आवाज पाचेक डीबीने पडतो, ते व्हॉल्यूमने भरून काढता येईल, पण खरा तोटा हा की ट्यूबवरचा लोड इतका जड झाला की तिचं डिस्टॉर्शन चांगलंच वाढतं, आणि मग जो गोडवा म्हणून घ्यायला गेलो तो चिकट होतो. १२एएक्स७ सरळ प्लेटवरून असेल तर आणखी वाईट, १००के च्या प्लेट रेझिस्टरला ३८के च्या आसपास येतो, अशा प्रीअ‍ॅम्पला पाच मीटरची केबल लावली, मीटरला १०० पिकोफॅरड धरा, तर साडेआठ किलोहर्ट्झच्या आसपास वरचाही आवाज ३ डीबीने पडलेला असतो, अ‍ॅम्पचा विचार तर नंतरच. याउलट शेवटी कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल प्लेटऐवजी कॅथोडवरून घेणारा ट्यूबचा बफर, असेल तर १२एयू७ चा आउटपुट इंपिडन्स ५०० ओहमच्या आसपास, ६डीजे८ म्हणजे ईसीसी८८ असेल तर शंभराच्या घरात. तुम्हाला कॅथोड फॉलोअरवालाच हवा. विकणाऱ्याला माहीत नसेल तर आतला फोटो मागवा. प्रत्येक चॅनलला ट्यूबचा एकच अर्धा भाग (एका १२एयू७ मध्ये दोन ट्रायोड असतात) वापरला असेल, म्हणजे लाईन स्टेजसाठी (डॅकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागासाठी) दोन्ही चॅनल मिळून एकच १२एयू७ असेल, तर बहुतेक तो प्लेटवरूनच निघालेला असणार.

घरी मोजायचं असेल तर मल्टीमीटर आणि एक १०के चा रेझिस्टर पुरतो. डॅकमधून ४०० हर्ट्झचा टोन वाजवा, १ किलोहर्ट्झ नको कारण स्वस्त मीटरचा एसी तिथपर्यंत भरवशाचा नसतो. प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटला पॉवर अ‍ॅम्प न जोडता मीटर लावून व्हॉल्यूम असा ठेवा की बरोबर १ व्होल्ट येईल. मग व्हॉल्यूमला हात न लावता आउटपुटच्या आरसीए जॅकला, मधली पिन ते ग्राउंड असा, आडवा १०के चा रेझिस्टर लावा आणि परत वाचा. समजा ०.८३ आलं, तर १ भागिले ०.८३, त्यातून १ वजा, गुणिले १०के, म्हणजे २के. मग हेच ४० हर्ट्झच्या टोनवर करा. ४० ला आकडा खूपच वाढला तर आउटपुटचा कंडेन्सर लहान आहे, डब्बा न उघडता कळलं.

गेनची गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण ती विचारलेल्या तिन्हीइतकीच महत्त्वाची आहे. १०० वॉट ८ ओहमला म्हणजे २८ व्होल्ट, बऱ्याच पॉवर अ‍ॅम्पचा गेन २० पट असतो, म्हणजे त्याला फुल पॉवरसाठी १.४ व्होल्ट पुरतात. क्वाड ४०५ सारखा जुना अ‍ॅम्प तर अर्ध्या व्होल्टलाच फुल होतो. तुमचा डॅक स्वतःच २ व्होल्ट देतो, त्यावर १२एयू७ चा एक स्टेज चौदापट गेन करणार, म्हणजे २८ व्होल्ट, गरजेच्या वीसपट. मग काय होतं, व्हॉल्यूमचा नॉब घड्याळात आठ वाजलेत तिथेच अडकून राहतो, तिथे पॉटचे (नॉबमागच्या रेझिस्टरचे) दोन्ही चॅनल सारखे नसतात म्हणून गायक एका बाजूला सरकतो, आणि ट्यूबचा हिस्स (सळसळ) आणि हम (घुमणारी गुणगुण) मात्र व्हॉल्यूमच्या पुढे तयार होत असल्यामुळे पूर्ण ताकदीने स्पीकरवर जातो. प्रीअ‍ॅम्पचा नॉइज १०० मायक्रोव्होल्ट धरला तर तो २० पट होऊन २ मिलिव्होल्ट, तुमच्या ९० डीबीच्या स्पीकरवर एक मीटरला २७ डीबी. दिवसा रस्त्याच्या आवाजात कळणार नाही, रात्री आलापी ऐकताना दोन स्वरांच्या मधल्या शांततेत तो कळतो, आणि शास्त्रीय ऐकणाऱ्याला तीच शांतता हवी असते.

याच्यावर दोन रुपयांचा उपाय आहे आणि तुमच्या १०के च्या अ‍ॅम्पसाठी तो चपखल बसतो. सिग्नलच्या वायरमध्ये सीरिजला एक २२के चा मेटल फिल्म रेझिस्टर टाकायचा, एका चॅनलला एक, आणि तो केबलच्या पॉवर अ‍ॅम्पकडच्या टोकाला, आरसीए पिनच्या आत. आता प्रीअ‍ॅम्पला १०के ऐवजी ३२के दिसतात. १ मायक्रोफॅरडवाला १५.९ हर्ट्झचा आकडा ५ हर्ट्झवर आला. सिग्नल आणि नॉइज दोन्ही १० डीबीने खाली गेले, व्हॉल्यूमचा नॉब अकरा-बारावर आला, आणि गेन तरीही चारपटीहून जास्त उरला, फुल पॉवरला गरज त्याच्या कितीतरी कमी. बास, हिस्स आणि व्हॉल्यूम एका डागात. टोक मात्र अ‍ॅम्पकडचंच पाहिजे, प्रीअ‍ॅम्पकडे टाकला तर केबलचं कपॅसिटन्स त्याच्यापुढे येईल आणि लांब केबल असेल तर वरचा आवाज मंद होईल. हे ज्यांचा अ‍ॅम्प ४७के चा आहे त्यांनी जसंच्या तसं उचलू नका, तिथे २२के ने फक्त ३ डीबी कमी होतील, तिथे २२के सीरिजला आणि त्याच्या अ‍ॅम्पकडच्या पायावरून ग्राउंडला १०के असं टाका, ११ डीबी कमी होतात आणि प्रीअ‍ॅम्पला ३०के दिसतात.

लोक दुसरा उपाय म्हणून अ‍ॅम्प उघडून आतला इनपुटचा १०के चा रेझिस्टर बदलून १००के टाकतात. अ‍ॅम्पच्या सुरुवातीला साधे ट्रान्झिस्टर असतील तर त्यांचा बेस करंट त्या रेझिस्टरमधून जातो, तो बदलला की आउटपुटला डीसी वाढतो, स्पीकरची कॉईल गरम होत राहते. फीडबॅकची बाजू बरोबरीने बदलता येत असेल तरच तिकडे हात घाला. आणि कपलिंग कंडेन्सर मोठा करायचा म्हणून १० मायक्रोफॅरड, २० मायक्रोफॅरड असं वाढवत जाऊ नका, मोठा कंडेन्सर म्हणजे सुरू होतानाचा दणकाही मोठा, आणि रेकॉर्ड प्लेयर असेल तर वाकड्या रेकॉर्डची डुगडुग थेट वूफरला. सबवूफर असेल तर तेही धरा, दोन आउटपुट जॅक दिसले तरी आत ते बहुतेक एकाच वायरवर असतात, १०के चा अ‍ॅम्प आणि १०के चा सब मिळून प्रीअ‍ॅम्पला ५के दिसतात.

आता स्पीकरच्या धोक्याचं. धोका खरा आहे आणि तो पूर्ण टाळता येतो.

ट्यूब प्रीअ‍ॅम्प सुरू केला की त्यातल्या डायोडवाल्या पॉवर सप्लायमुळे प्लेटला लगेच पूर्ण व्होल्टेज मिळतो, समजा ३०० व्होल्ट, कारण ट्यूब अजून थंड आहे आणि करंट घेत नाही. वीस-तीस सेकंदांनी हीटर (ट्यूबमधली तापणारी तार) तापतो, ट्यूब ओढायला लागते आणि प्लेट ३०० वरून दीडशेवर उतरते. ही दीडशे व्होल्टची घसरण कंडेन्सरला डीसी म्हणून अडवता येत नाही, ती हळू सिग्नलसारखी पुढे जाते. या वेळी पॉवर अ‍ॅम्प चालू असेल तर जाळी काढून वूफरकडे बघा, कोन सावकाश बाहेर येतो, थांबतो आणि परत आत जातो. अ‍ॅम्पला इनपुटलाही कंडेन्सर नसेल, सरळ डीसी कपल्ड असेल, तर तो कोन जागेवरून निघून येईल इतका जाऊ शकतो. अ‍ॅम्पचंही नुकसान होतं, साध्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेने पाच-सहा व्होल्टच सहन करतं आणि ट्यूब प्रीअ‍ॅम्प कित्येक व्होल्टचे झटके सहज देतो. ट्रान्झिस्टरचा प्रीअ‍ॅम्प कसाही वागला तरी पंधरा व्होल्टच्या सप्लायपलीकडे जाऊ शकत नाही, इथे तशी भिंत नाही.

म्हणून क्रम. आधी प्रीअ‍ॅम्प, पूर्ण एक मिनिट थांबा, मग पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प, त्याचे कंडेन्सर रिकामे होऊ देत, मग प्रीअ‍ॅम्प. दोन्ही एका स्पाईक गार्डवर लावून एका बटणाने चालू-बंद करणं हे या जोडीत अजिबात चालत नाही. आणि आपल्याकडचा खास घोळ म्हणजे लाईट जाणं. लाईट गेली की दोन्ही बंद, पाच मिनिटांनी आली की दोन्ही एकदम चालू, पॉवर अ‍ॅम्प तीन सेकंदांत तयार आणि ट्यूब तापायला अजून अर्धा मिनिट. लाईट गेली की उठून पॉवर अ‍ॅम्पचं बटण बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, किंवा पॉवर अ‍ॅम्पच्या लाईनवर असा कॉन्टॅक्टर बसवा जो लाईट आल्यावर आपोआप चालू होत नाही, हाताने बटण दाबावं लागतं. सगळ्यात चांगलं म्हणजे प्रीअ‍ॅम्पमध्येच म्यूट रिले, जो पहिलं मिनिटभर आउटपुट ग्राउंडला शॉर्ट ठेवतो आणि वीज जाताक्षणी परत शॉर्ट करतो. घ्यायच्या आधी विकणाऱ्याला हे विचाराच, चालू केल्यावर मिनिटभराने रिलेचा टिक आवाज येतो का.

बरोबर हेही बघा की आउटपुटच्या आरसीएवर आतून ग्राउंडला एक रेझिस्टर आहे का, १००के ते १ मेगओहम. तो नसेल तर चालू प्रीअ‍ॅम्पला केबल लावताना कंडेन्सरचा सगळा साठा एकदम अ‍ॅम्पमध्ये जातो. जुना डब्बा असेल आणि कपलिंग कंडेन्सर कागदाचे असतील तर ते न मोजता बदला, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत. त्यातून मायक्रोअँपिअरभर गळती झाली तरी २२के च्या इनपुटवर २२ मिलिव्होल्ट डीसी येतो आणि डीसी कपल्ड अ‍ॅम्पमध्ये तो वीसपट होऊन स्पीकरवर बसतो.

उघडताना काळजी. प्लग काढल्यावरही आत अडीचशे-तीनशे व्होल्ट साठलेले असतात. १०के, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरला लावून सप्लायचे कंडेन्सर रिकामे करा, मीटरने शून्य झालेलं बघा आणि मगच हात घाला. हे कधी केलं नसेल तर करणाऱ्याकडून करून घ्या.

हीटरचं थोडं. हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडेतिकडे चालतात. पण प्रीअ‍ॅम्प युरोपचा जुना, २२० व्होल्टचा असेल आणि तुमच्याकडे रात्री लाईन २५० ला जात असेल, तर हीटरला ७.१६ व्होल्ट बसतात आणि ट्यूब लवकर म्हातारी होते. ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप असेल तर तो वापरा. हम येत असेल तर आधी दोन्ही डब्बे एकाच बोर्डवरून घ्या, डॅक लॅपटॉपला जोडला असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. अर्थिंगची पिन तोडून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तीनशे व्होल्टच्या डब्याला अर्थिंग पाहिजेच.

राहिलेलं पटकन. एकाच स्टेजचा प्रीअ‍ॅम्प सिग्नल उलटा करतो, कॉनरॅड जॉन्सनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तसंच आहे, दोन्ही स्पीकरचे लाल-काळे बदलले की सरळ होतं. पेन्सिलीने ट्यूबला हलकी टिचकी मारा, स्पीकरमधून घंटेसारखा आवाज घुमत राहिला तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, पुढे १०० वॉट आहेत म्हणून ती बदला. १२एयू७ च्या जागी १२एएक्स७ पिनने बसते पण वागते वेगळी, गेन वाढतो, करंट कमी होतो, तुमच्या बाबतीत दोन्ही नकोत. ६डीजे८ तर त्या सॉकेटमध्ये घालूच नका, बसते पण हीटरच्या पिन वेगळ्या आहेत. ट्यूबसाठी परदेशी जुन्या नावांमागे लगेच धावायची गरज नाही, आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ट्यूब बनवल्या आहेत, त्यांची ईसीसी८३ अजून जुन्या बाजारात दिसते आणि ज्यांच्या प्रीअ‍ॅम्पला ती लागते त्यांनी दिसली तर तपासून घ्यावी. आणि ऑनलाईन मिळणारे ६जे१ वाले छोटे बफर, जे बारा व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात, त्यात ट्यूबला पंचवीस-तीस व्होल्टच मिळतात, त्यावरून ट्यूब प्रीअ‍ॅम्पबद्दल मत बनवू नका.

तुमच्यापुरतं आता एवढंच करा. विकणाऱ्याकडून आतला स्पष्ट फोटो घ्या, आउटपुटच्या आरसीएकडे जाणाऱ्या वायरवरचा कंडेन्सर शोधून त्यावरचा आकडा वाचा, शेवटी कॅथोड फॉलोअर आहे का आणि म्यूट रिले आहे का ते विचारा. फॉलोअर असेल आणि कंडेन्सर १ मायक्रोफॅरड किंवा वर असेल तर घ्या आणि २२के टाकून लावा. सरळ प्लेटवरून असेल तर किंमत बरीच कमी करत असेल तरच घ्या, कारण पुढे बफर बसवायचा खर्च धरावा लागेल. फोटो मिळाला की इथे टाका, मी बघून सांगतो.